घोड्याची पाठ आणि खोगीर

तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो चीनहून समुद्रमार्गानें स्वदेशीं परतत होता. त्याच्या प्रवासवृत्तांत ठाण्याच्या राज्याला एक लहानसें प्रकरण मिळालें आहे. त्यांतील दोन गोष्टी विशेष लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी कीं, ठाण्याच्या बंदरांतून कमावलेलें उत्तम चामडें व सुती कापड मोठ्या प्रमाणांत परदेशीं जात असे. दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक आहे. ह्या बंदरांतून चांचे समुद्रावर लूट करण्यास निघत आणि ठाण्याच्या राजाचा त्यांच्याशीं करार असे. लुटींतील सोनें-नाणें, माल सर्व चांच्यांचा. घोडे मात्र जितके सांपडतील तितके राजाचे!

राजाला घोड्यांची एवढी हांव कां असावी, ह्याचें उत्तरही मार्को पोलोच देतो. राजाजवळ स्वतःची घोड्यांची पैदास नव्हती, आणि हिंदुस्थानाकडे येणारें जवळजवळ प्रत्येक जहाज इतर मालाबरोबर घोडे आणीत असे. कोंकणची दमट हवा घोड्याला मानवत नाहीं. भातखाचरांच्या ह्या प्रदेशांत घोड्याला लागणारीं कोरडीं माळरानेंही नाहींत. म्हणून घोडा अरबस्तानांतून व इराणांतून यावयाचा आणि बंदरांतून घाट चढून देशावर जावयाचा. ठाण्यापलीकडचें कल्याण हें अशाच एका प्राचीन वाटेचें तोंड होय. तेथून नाणेघाटानें जुन्नर गांठतां येतें. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफनासी निकितिन नांवाचा रशियन व्यापारी असाच एक घोडा जहाजांतून चौल बंदरीं घेऊन आला आणि जुन्नरास पोंचला. तेथील सुभेदारानें तो घोडा सरळ काढूनच घेतला. एका परदेशी खोजाच्या मध्यस्थीनें निकितिनला आपला घोडा परत मिळाला.

ज्या घोड्यासाठीं राजे चांच्यांशीं सख्य करीत, तो घोडा हातीं आल्यावर त्याची पाठ सांभाळणें हें मात्र निराळेंच काम होतें. दक्षिणेंतील माबारच्या राज्यासंबंधीं मार्को पोलो सांगतो कीं, तेथें दरवर्षीं हजारों घोडे विकत घेतले जात, पण जाणत्या माणसांच्या अभावीं त्यांतले थोडेच जगत. आणि आपला व्यापार टिकावा म्हणून व्यापारी नालबंदांना तिकडे फिरकूंच देत नसत. घोडा द्रव्यानें येतो, घोड्याची विद्या तशी येत नाहीं.

ह्या विद्येंतील अत्यंत नाजूक भाग म्हणजे खोगीर. घोड्याच्या पाठीचा कणा हा ओझें वाहण्यासाठीं नाहीं. स्वाराचें वजन कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर, बरगड्यांच्या आधारानें, सारखें वांटलें गेलें पाहिजे. कण्यावर मोकळी पन्हळ राहिली पाहिजे. मानेच्या मुळाशीं दोन्ही खांद्यांमधला जो उंचवटा असतो, त्याला वरून वा बाजूनें कांहींही घासतां कामा नये. खांद्याचें हाड पुढें-मागें हलण्यास मोकळें हवें, आणि खोगिराचें मागचें टोंक शेवटच्या बरगडीपलीकडे जातां कामा नये. हे नियम ऐकावयास सोपे वाटतात. अडचण अशी कीं, दोन घोड्यांच्या पाठी कधींही सारख्या नसतात.

समुद्रावरून येणारा अरबी घोडा आंखूड पाठीचा व भरल्या अंगाचा. भीमा-नीरेच्या खोऱ्यांतला भीमथडीचा घोडा लहान चणीचा, चिवट व कमी खाण्यावर राहणारा. ह्या जातीची स्वतंत्र नोंद राष्ट्रीय पातळीवर २०२३ सालीं झाली. ह्या दोन जातींखेरीज प्रत्येक घोड्याचा स्वतःचा घाट असतोच. एकाचा उंचवटा धारदार, तर दुसऱ्याचा इतका सपाट कीं खोगीर पोटाखालीं फिरतें. एकाची पाठ म्हातारपणानें झुकलेली, तर दुसऱ्याचा एक खांदा दुसऱ्याहून जाड. रुंद पाठीवर अरुंद सांगाडा चढविला तर तो चिमट्याप्रमाणें धरतो. अरुंद पाठीवर रुंद सांगाडा चढविला तर तो खालीं बसून नेमका कण्यावर टेंकतो.

ह्या अडचणीवर आपल्याकडील उत्तर ‘खोगीर’ ह्या शब्दांतच दडलेलें आहे. पर्याण ह्या संस्कृत शब्दापासून झालेलें ‘पलाण’ आपल्या भाषेंत जुनें. जीन, तंग, लगाम हे शब्द फारसींतून आले. ‘खोगीर’ हाही फारसीच. ‘खोय’ म्हणजे घाम आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा. अर्थात् घाम टिपून घेणारी गादी. नमद्याच्या वा कापडाच्या थरांत भरण घालून केलेली ही गादी मऊ असल्यामुळें पाठीचा घाट घेते. जेथें खळगा असेल तेथें भरण वाढवावें, जेथें दाब पडत असेल तेथून काढावें. मराठींत ‘खोगीरभरती’ म्हणजे निरुपयोगी वस्तूंची वा माणसांची भर, असा तुच्छतेचा अर्थ रूढ झाला आहे. भरतीला काय, हाताला लागेल तें चालतें, अशी समजूत त्यामागें आहे. प्रत्यक्षांत घोड्याचें सारें सुख त्या भरतीवरच अवलंबून असे. गांठ झालेलें भरण म्हणजे पाठीखालीं ठेवलेला दगडच.

मराठ्यांच्या सैन्यांत ह्या गोष्टीला किती महत्त्व होतें, हें त्या सैन्याच्या रचनेवरून समजतें. शिवछत्रपतींनीं इ. स. १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी घेतली, तेव्हांपासून हा मुलूख स्वराज्याच्या व्यवहारांत आला. सैन्यांत बारगिराला घोडा सरकारी पागेंतून मिळे. शिलेदार आपला घोडा स्वतः आणी. सभासदाच्या बखरींत दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद असल्याचें नमूद आहे. म्हणजे पाणी आणि खूर ह्यांची काळजी नियमानेंच बांधून दिली होती. चिपळूणजवळच्या छावणीला महाराजांनीं लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रांतही पावसाळ्यांत घोड्यांना वैरण कशी पुरवावी, ह्याची कडक ताकीद आहे.

परंतु ह्या सैन्याचा क्रमच असा होता कीं, घोड्याची पाठ वर्षभर एकसारखी राहणें शक्य नव्हतें. पावसाळ्यांत छावणी, दसऱ्याला सीमोल्लंघन, आणि मग सुमारें आठ महिने मुलूखगिरी. दसऱ्याला निघणारा घोडा चार महिने खाऊन गोल झालेला असे. सततच्या दौडीनें फाल्गुन-चैत्रापर्यंत त्याची चरबी झडे, पाठीचें मांस उतरे आणि कणा वर येई. दसऱ्याला जें खोगीर घट्ट बसलें, तेंच उन्हाळ्यांत सैल होऊन घासूं लागे. अशा वेळीं मऊ खोगीर हातानें उसवून पुन्हां भरतां येई, ही त्याची मोठी सोय. त्याचा दोषही तेवढाच खरा. सांगाडा नसलेली गादी कालांतरानें दबते आणि वजन थेट कण्यावर येतें. जड स्वार व लांबची मजल असेल, तर जखम ठरलेलीच. आणि पाठ सोलवटलेला घोडा म्हणजे एक पायउतार झालेला स्वार.

युरोपांतील सैन्यांनीं हाच प्रश्न उलट बाजूनें सोडविण्याचा यत्न केला. त्यांचा भर कठीण सांगाड्यावर. फ्रेडरिक स्मिथ ह्या इंग्रजी लष्करांतील पशुवैद्यानें १८९१ सालीं खोगीर व पाठीच्या जखमा ह्या विषयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पुढें १९१२ च्या इंग्रजी लष्करी नमुन्यांत कमानीला सांधे दिले, म्हणजे दोन्ही बाजूंच्या फळ्या घोड्याच्या रुंदीप्रमाणें कमी-अधिक फांकाव्यात. तरीही सांगाड्याखालीं घडी केलेली घोंगडी वा नमदा घालावाच लागे, आणि घोडा रोडावला कीं घडीचे पदर वाढवावे लागत. त्या नमद्याला इंग्रजींत जो शब्द आहे, तो आपल्या ‘नमदा’ शब्दाचेंच रूप होय. वजन वांटण्यास कठीण सांगाडा आणि घाट घेण्यास मऊ भरण, ह्या दोहोंचा मेळ घातल्यावांचून पाठ सुरक्षित राहत नाहीं, ह्याच निर्णयाला दोन्ही परंपरा येऊन पोंचल्या.

खोगीर बसलें कीं नाहीं, हें सांगण्यास घोड्यासारखा साक्षीदार नाहीं. मजल मारून आल्यावर खोगीर उतरावें आणि घामाचा ठसा पाहावा. दोन्ही बाजूंस सारखा ओलावा असेल तर ठीक. ओल्या पाठीवर मध्येंच एखादा कोरडा ठिपका राहिला, तर तेथें दाब अति झाला, असें समजावें. तासाभरानें तेथें सूज येते. दुर्लक्ष झालें तर कातडी मरते, आणि पुढें त्या जागीं पांढरे केस उगवतात. ते घोड्याच्या अंगावर जन्मभर राहतात. तंग आंवळतांना घोडा कान मागें टाकूं लागला वा पाठ खालीं दाबूं लागला, तर त्याला खोडकर ठरविण्यापूर्वीं खोगीर उलटें करून पाहणें अधिक शहाणपणाचें.

ह्या ज्ञानाची गरज अजून संपलेली नाहीं. इ. स. १८५० मध्यें ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांनीं माथेरान प्रकाशांत आणलें. त्या डोंगरावर पेट्रोलच्या गाड्यांना बंदी असल्यामुळें प्रवाशांची नेआण आजही घोडा करतो. सकाळीं त्याच्या पाठीवर दहा वर्षांचें मूल बसतें, दुपारीं स्थूल गृहस्थ, आणि खोगीर बहुधा तेंच. पाठीवर बसणारा दर तासाला बदलतो. पाठ मात्र एकच असते. तिच्यावर बसण्यापूर्वीं खोगिराखालीं एकदां हात घालून पाहणें एवढें तरी प्रवाशाच्या हातीं आहे.