वसईच्या कोटांतील देवालयें

युरोपांतील मध्ययुगीन गढीस स्वतःचें प्रार्थनामंदिर असणें हा जवळजवळ नियमच होता. सरदारानें वाड्यालगत लहानशी वेदी उभारावी, कुटुंबानें व शिबंदीनें तेथेंच मिस्सा ऐकावी. आणि धनी फ्रान्सच्या नवव्या लुई राजासारखा असला, तर त्याच कल्पनेंतून पारीस येथें १२४८ सालीं अभिषिक्त झालेल्या साँत-शापेलसारखें रत्न निपजावें! ही चाल पोर्तुगीजांनीं आपल्याबरोबर हिंदुस्थानांत आणिली. तिचे अवशेष पाहण्यास आम्हां टिटवाळेकरांस फार दूर जाणें नको. आमच्या काळू नदीचें पाणी उल्हासेस मिळून ज्या खाडीनें समुद्रास जातें, तिच्याच मुखाशीं वसईचा कोट आहे.

१५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादूरशाह यानें वसई पोर्तुगीजांस दिली. आरंभीं संत सेबास्तियनच्या नांवाचा बालेकिल्ला झाला. पुढें सबंध नगरासभोंवतीं तट आला, आणि एका कपेलाच्या जागीं देवालयांचा समूहच उभा राहिला. संत योसेफाच्या मुख्य देवालयाचा उंच मनोरा आजही दुरून दिसतो. तेथील शिलालेखावरून, आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या कारकीर्दींत १६०१ सालीं त्याचा जीर्णोद्धार झाला असें कळतें. येशूसंघीयांच्या देवालयाचें दर्शनी अंग मात्र सर्वांत देखणें: गोल कमानीचा दरवाजा, बाजूंस खांचेदार खांब, वर येशूच्या नामाचीं अक्षरें. वसईस जन्मलेला व येशूसंघीयांपाशीं शिकलेला गोन्सालो गार्सिया १५९७ सालीं नागासाकी येथें क्रूसावर हुतात्मा झाला. १८६२ सालीं तो संतपदास चढला. फ्रान्सिस्कनांच्या देवालयांत तर भूमीच थडग्यांच्या शिळांनीं आच्छादलेली आहे. त्यांवर कुलीनांचीं चिन्हें कोरलेलीं आहेत. कष्टकऱ्यांचीं नांवें तेथें शोधूं नयेत, कारण कोट हा मुख्यत्वें त्या कुलीनांसाठींच होता.

देवाचें घर तटाच्या आंत बांधिलें म्हणजे त्याचें दैवही तटाशीं जखडलें जातें. मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. तहानें मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. परंतु शिबंदी, मठवासी व धनिक निघून गेल्यावर एवढ्या देवालयांस सांभाळणार कोण? छपरें ढासळलीं. घंटा विजयचिन्हें म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरांतील घंटेवर १७२१ हें साल आहे. कित्येकांस ह्याचा विषाद वाटतो. आमच्या मतें, तोफेसाठीं ओतली न जातां ती घंटा देवळांत टिकली, हें थोडें नव्हे. कोटाबाहेरील गांवांत मात्र शेतकरी व कोळी श्रद्धाळूंनीं पडलेलीं देवालयें पुन्हा उभारिलीं, तीं आजही नांदतीं आहेत.

सध्यां हा कोट भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे. तरीही वडपिंपळाचीं मुळें चुन्याच्या सांध्यांत शिरतात, आणि उघड्यावरील शिळांचीं अक्षरें पावसानें व पायांनीं झिजत आहेत. जे वाचक तेथें जातील, त्यांनीं त्या शिळांना वळसा घालून चालावें, आणि सकाळच्या तिरप्या उन्हांत त्या वाचाव्या. तेव्हां पुसट अक्षरेंही उठून दिसतात.