मजकुराविना पत्रे

१९६५ साली गेओर्ग नेस याने संगणकाकडून काढवून घेतलेली रेखाचित्रे श्टुटगार्ट येथे मांडली, तेव्हा जमलेले कलावंत असे काही बिथरले की माक्स बेन्झे या तत्त्वज्ञाला ‘कृत्रिम कला’ हा शब्द पुढे करून त्यांची समजूत घालावी लागली. यंत्राला अंतःकरण नाही, हा आक्षेप तेव्हापासून चालत आला आहे. त्याचे उत्तर मला कोणत्याही वादविवादापेक्षा वेरा मोल्नार या चित्रकर्तीच्या आईच्या हस्ताक्षरात अधिक सापडते.

बुडापेस्ट येथे १९२४ साली जन्मलेल्या आणि १९४७ पासून पॅरिसला राहिलेल्या मोल्नार यांनी १९५९ च्या सुमारास एक ‘काल्पनिक यंत्र’ कल्पिले होते, म्हणजे नियम आपणच घालून द्यायचे आणि आपल्याच हाताने ते बरहुकूम पाळायचे. खरे यंत्र १९६८ मध्ये लाभले. मग फोरट्रॅन भाषेत हुकूम लिहावे, ते छिद्रांच्या कार्डांवर चढवावे आणि प्लॉटरची लेखणी काय रेखाटते याची वाट पाहावी, असा क्रम सुरू झाला. चौकोनांच्या शिस्तीत किंचित अव्यवस्था मिसळण्याचा त्यांना विलक्षण छंद होता. ‘एक टक्का अव्यवस्था’ हे त्यांच्या एका कृतीचे नावच आहे.

मोल्नार यांना त्यांची आई दर आठवड्यास पत्र लिही. हाब्सबुर्ग अमदानीतील सुशिक्षित स्त्रियांचे ते टोकदार, गॉथिक वळण डाव्या समासाशी ताठ व संयत असे, पण ओळ उजवीकडे सरकू लागली की अस्वस्थ होत जाई. वर्षे लोटली तशी ती शिस्त मावळली आणि नुसती अस्वस्थताच उरली. (आपल्याकडील मोडी दप्तरे ज्याने चाळली आहेत, त्याला मजकूर लागण्याआधीच लिहिणाराचा थकवा उमजतो, तो असाच.) पत्रे लागेनाशी झाली, तरी मुलगी ती नुसती पाहत बसे.

पुढे पत्रे यायचीच थांबली, तेव्हा त्यांनी ती यंत्राकडून लिहवून घेण्यास आरंभ केला. यंत्राला त्यातले काही कळत नव्हते, हे निर्विवाद. परंतु रेघ कोठे ढळावी आणि किती ढळावी, याचे प्रमाण लेकीने ठरवून दिलेले होते. त्या कागदांवर मायना नाही, मजकूर नाही, खरे म्हणावे असे एक अक्षरही नाही. प्रत्येक ओळ तेवढी डावीकडे सावरून उभी राहते आणि उजव्या काठाशी पोचता पोचता तिचा तोल पुन्हा जातो.