ससूनमधील १९२४ ची शस्त्रक्रिया : शस्त्रक्रियोत्तर जोखमीचा ऐतिहासिक विचार

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी येरवडा कारागृहातील बंदिवान महात्मा गांधी यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेल्याने ती कंदिलाच्या उजेडात पूर्ण करावी लागली. पुढे जखमेच्या जागी गळू होऊन प्रकृती सुधारण्यास विलंब लागला. ५ फेब्रुवारीस त्यांची बिनशर्त सुटका झाली.

ही घटना प्रामुख्याने राजकीय अंगाने अभ्यासली गेली आहे. तथापि शस्त्रक्रियोत्तर गुंतागुंत व मृत्यू यांची कारणे केवळ शल्यविशारदाच्या कौशल्यात शोधता येत नाहीत, हेही तीवरून स्पष्ट होते. रुग्णाचे वय, पूर्वप्रकृती, शस्त्रक्रियेची तातडी, जंतुसंसर्ग व साधनसामग्री हे घटकही निर्णायक असतात. पेनिसिलिनचा शोध १९२८ मधील, तर पूर्वप्रकृतीनुसार रुग्णांची श्रेणी ठरविण्याची पद्धत अमेरिकेत १९४१ मध्ये मांडली गेली. म्हणजेच १९२४ मध्ये यांपैकी कोणताही आधार उपलब्ध नव्हता.

येरवड्याहून ससून जवळ होते. पाटससारख्या गावातील रुग्णाच्या बाबतीत मात्र पुणे गाठेपर्यंतचा काळही जोखमीतच मोजावा लागतो. म्हणून शस्त्रक्रियोत्तर मृत्यूंच्या अभ्यासात या काळाची स्वतंत्र नोंद होणे अगत्याचे आहे.