चुंबकीय फीत व माहिती-साठवण : मराठी परिभाषा

संगणकात माहिती नोंदवून ठेवणाऱ्या फीत, तबकडी, गाभा इ. साधनांसाठी मराठीत योजिलेल्या संज्ञांचा समूह. या संज्ञांच्या घडणीत एक प्रश्न सतत उपस्थित झालेला दिसतो : आधीच रुळलेल्या शब्दास नवे विशेषण जोडावे, की संपूर्ण शब्दच नवा घडवावा ?

मूळ इंग्रजी संज्ञाही आरंभी स्थिर नव्हत्या. १९५१ मध्ये अमेरिकेत युनिव्हॅक संगणकाबरोबर आलेल्या फीत-यंत्रास ‘युनिसर्व्हो’ असे खास नाव होते. त्याची फीत अर्धा इंच रुंद, फॉस्फर ब्राँझची व वर निकेलचा मुलामा दिलेली असे. एका इंचात १२८ वर्ण मावत. १९५२ मध्ये आयबीएम कंपनीने आपल्या ७२६ या यंत्रात प्लॅस्टिकची फीत वापरली. अतिवेगाने थांबता-सुटताना ती तुटू नये म्हणून तिचा काही भाग निर्वात स्तंभात सैल लोंबत ठेवण्याची युक्ती त्यात होती. पुढे ‘टेप युनिट’, ‘टेप ट्रान्सपोर्ट’, ‘टेप डेक’ आणि ‘टेप ड्राइव्ह’ ही सर्व नावे एकाच वस्तूसाठी चालली. त्यामुळे मराठी परिभाषाकारांपुढे अनुवादासाठी एक निश्चित शब्द नव्हताच.

महाराष्ट्रात या यंत्रांशी परिचय मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाला. तेथे बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची स्मृती फेराइटच्या सूक्ष्म कड्यांची असून तीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि चुंबकीय फितींच्या रिळांवर माहिती ठेवण्याचे काम सुरू झाले. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची भाषा मात्र इंग्रजीच राहिली. दुसरीकडे १९६० मध्येच राज्य शासनाचे भाषा संचालनालय स्थापन झाले होते आणि पुढे मराठी विश्वकोशाचा परिभाषासंग्रहाचा खंड १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र मुंबईत व शब्द अन्यत्र, अशी ही विभागणी बरीच वर्षे टिकली.

‘चुंबकीय फीत’ ही यातील सर्वांत यशस्वी संज्ञा होय. तिचे विशेषण संस्कृत, पण नाम पोर्तुगीज ‘फिता’ या शब्दापासून आलेले. मुंबई असो वा नांदुऱ्यासारखे बाजाराचे गाव, केसांना बांधावयाची फीत घरोघरी ठाऊक होती. ध्वनिफितीने तो शब्द यंत्रापर्यंत नेला आणि संगणकाने तो तेथून उचलला. ‘तबकडी’ची कथा अशीच. अरबी-फार्सी ‘तबक’पासून निघालेला हा शब्द ग्रामोफोनमुळे रुळला होता. त्यामुळे १९५६ मध्ये आयबीएमने २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांचे रॅमॅक हे साधन आणले, तेव्हा त्यासाठी मराठीत शब्द तयारच होता. शुद्धतेच्या आग्रहाने ‘पट्टिका’ व ‘चक्रिका’ घडविले असते, तर ते कोशाबाहेर पडले असते, असे वाटत नाही.

‘स्मृती’ हा शब्द अधिक वादाचा आहे. चार्ल्स बॅबेज यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या नियोजित यंत्राच्या त्या भागास ‘स्टोअर’ म्हणजे कोठार म्हटले होते आणि ब्रिटनमध्ये तोच शब्द दीर्घकाळ चालला. जॉन फोन नॉयमान यांच्या १९४५ च्या अहवालात यंत्राची तुलना मज्जासंस्थेशी केलेली असून ‘मेमरी’ हा शब्द तेथून पसरला. मराठीने ही मज्जासंस्थेची उपमा स्वीकारली. यंत्राच्या आतील गाभ्यास ती शोभते. कपाटात रचून ठेवलेल्या रिळांना मात्र ‘साठवण’ हाच शब्द योग्य. हा भेद सर्व लेखक पाळत नाहीत. ‘स्मृती’ म्हटल्यावर काहींस प्रथम धर्मशास्त्राची आठवण होते, ही अडचण निराळीच.

‘ड्राइव्ह’ला मराठी प्रतिशब्द रुळला नाही. ‘चालक’ म्हणावे, तर मोटार हाकणारा डोळ्यांपुढे येतो. ‘एकक’ म्हणावे, तर मापनातील परिमाण. ‘फीत-यंत्र’ सुटसुटीत आहे, तरी व्यवहारात ‘ड्राइव्ह’च उरला. तीच गत ‘धारिके’ची : शासकीय पत्रव्यवहारात ती आहे, बोलण्यात ‘फाइल’.

मोठ्या माहिती-केंद्रांतून फीत अद्याप वापरात आहे. २०२१ मध्ये आलेल्या एलटीओ-९ या प्रकारात एका पेटीत १८ टेराबाइट माहिती मावते. या पेटीस इंग्रजीत ‘कार्ट्रिज’ म्हणतात. मराठीतील ‘काडतूस’ हा पोर्तुगीजमधून आलेला शब्द त्याचाच भाऊबंद. पण तो बंदुकीकडे गेला आणि फितीच्या पेटीसाठी ‘कार्ट्रिज’ हा शब्द पुन्हा इंग्रजीतूनच घेतला गेला.