नेब्रास्काची धाव कुठे अडली?

अमेरिकेच्या नकाशात जवळपास मधोमध नेब्रास्का नावाचं राज्य आहे. लोकसंख्या जेमतेम २० लाख, नजर पोचेल तिथवर मका आणि हिवाळ्यात हाडं गोठवणारा वारा. व्यावसायिक फुटबॉलची मोठी टीम या राज्यात नाही. जे काही आहे ते लिंकन शहरातल्या विद्यापीठाची कॉलेज टीम. तिचं नाव कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. तिच्या मेमोरियल स्टेडियममधली प्रत्येक मॅच १९६२ पासून हाऊसफुल्ल असते.

मी या टीमच्या नादी लागलो ते यूट्यूबवर तिच्या १९९०च्या दशकातल्या मॅच बघून. पुढे अलीकडच्या मॅच बघितल्या आणि प्रश्न पडला. बॉल पोटाशी धरून पळण्यासाठी जी टीम देशभर ओळखली जायची, तिची धाव गेली वीस वर्षं सारखी अडखळत का राहिली?

आधी खेळ थोडक्यात सांगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर पुढे जायचं असतं. बॉल लांब फेकून जा किंवा हातात घेऊन पळा. पळणारा गडी टीव्हीवर दिसतो, पण वाट करून देतात ते त्याच्या पुढचे पाच धिप्पाड गडी. त्यांनी समोरच्याला ढकललं तर फट पडते. नाही ढकललं तर जगातला सगळ्यात चपळ माणूसही जागच्या जागी आपटतो.

टॉम ऑस्बोर्न १९७३ ते १९९७ अशी २५ वर्षं नेब्रास्काचे कोच होते. सुरुवातीची पाच वर्षं ओक्लाहोमाकडून सलग हरल्यावर त्यांनी त्यांचंच हत्यार उचललं, ते म्हणजे ऑप्शन. क्वार्टरबॅक बॉल घेऊन कडेला पळतो. समोरच्या एका बचावपटूला मुद्दाम मोकळं सोडलेलं असतं. तो अंगावर आला तर बॉल शेजारच्याकडे टाकायचा, नाही आला तर स्वतः घुसायचं. एका माणसाला न अडवताच निकामी केलं, की तो वाचलेला गडी दुसरीकडे कामी येतो. हा निर्णय क्षणात घ्यायचा असतो, त्यामुळे तो डोक्यात नाही, अंगात मुरावा लागतो.

तो मुरायचा कसा, याचीही व्यवस्था होती. सरावात एकाच वेळी अनेक गट खेळायचे, म्हणजे कुणीच कडेला उभा राहून बघत बसायचा नाही. शिष्यवृत्ती न मिळालेली गावोगावची शेतकऱ्यांची पोरं स्वतःच्या खर्चानं टीममध्ये यायची, दोन-तीन वर्षं मार खात शिकायची आणि मग मैदानात उतरायची. १९६९ साली बॉइड एप्ली यांना व्यायामाचा कोच म्हणून नेमलं गेलं, तेव्हा बहुतेक कॉलेजांमध्ये असं पदही नव्हतं. पाच धिप्पाड गडी घडायचे ते त्या जिममध्ये.

१९९५च्या टीमनं दर मॅचला सरासरी जवळपास ४०० यार्ड पळून काढले, दर प्रयत्नाला सात. म्हणजे दोनदा पळालं की दहा यार्डांचं काम झालंच. जानेवारी १९९६मधल्या फिएस्टा बोलमध्ये त्यांनी फ्लोरिडाला ६२–२४ असं धुतलं, त्यात ५२४ यार्ड नुसते पळून. पण तो काळ धुतल्या तांदळासारखा होता असं नाही. त्याच सीझनमध्ये लॉरेन्स फिलिप्स या धावपटूला आधीच्या मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल अटक झाली होती. ऑस्बोर्ननी त्याला काही आठवड्यांनी परत खेळवलं आणि देशभर टीका ओढवून घेतली. ते विजय आठवताना हेही आठवायला हवं.

ऑस्बोर्ननंतर त्यांचे सहायक फ्रँक सॉलिच कोच झाले. २००१च्या सीझनच्या शेवटी कोलोरॅडोनं ६२–३६ आणि मायामीनं ३७–१४ असं हरवलं. मायामीचे बचावपटू इतके वेगवान होते की ऑप्शनला कडेची जागाच मिळेना. पुढच्या वर्षी सात जिंकल्या, सात हरल्या. २००३मध्ये मात्र नऊ विजय आणि तीन पराभव असताना सॉलिच यांना काढलं गेलं. त्यांच्या जागी व्यावसायिक फुटबॉलमधून बिल कॅलहन आले, फेकण्याचा खेळ घेऊन. २००४मध्ये पाच विजय, सहा पराभव. १९६१नंतरचा हा पहिला असा सीझन, ज्यात जिंकण्यापेक्षा हरणं जास्त होतं.

माझ्या मते खरा घाव इथे बसला. पळण्याच्या खेळात पुढचे पाच जण आक्रमण करतात, खाली वाकून समोरच्याला मागे रेटतात. फेकण्याच्या खेळात तेच पाच जण मागे सरकत क्वार्टरबॅकला वाचवतात. म्हणजे शरीर वेगळं, पाय वेगळे, सवय वेगळी. कोच बदलला की नवे डावपेच कागदावर आठवड्यात येतात. असे पाच गडी तयार व्हायला मात्र चार-पाच वर्षं लागतात.

आता हा हिशेब बघा. १९६२ ते २००३ या ४२ वर्षांत तीन मुख्य कोच झाले: बॉब डेव्हेनी, त्यांचे सहायक ऑस्बोर्न आणि डेव्हेनींच्याच टीममध्ये खेळलेले सॉलिच. पुढच्या वीस वर्षांत पाच झाले. बो पेलिनींच्या काळात धाव बऱ्यापैकी सावरली, तर माइक रायली यांनी पुन्हा फेकण्यावर भर दिला. १९९७च्या विजेत्या टीमचा क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट कोच म्हणून घरी आला, तेव्हा सगळ्या राज्याला वाटलं, आता जुने दिवस येणार. १६ विजय, ३१ पराभव, आणि २०२२मध्ये तोही गेला. अधूनमधून भन्नाट धावपटू निघाले, पण दरवर्षी भरवसा ठेवावा अशी धाव काही परतली नाही.

काळच बदलला, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यात तथ्य आहे. शिष्यवृत्त्या ८५वर आल्या, त्यामुळे मोठ्या टीमना वाटेल तितकी पोरं साठवून ठेवता येईनात. शाळांमध्येही फेकण्याचा खेळ वाढला. पण मग विस्कॉन्सिनचं काय? तिथेही तीच थंडी, आणि तेव्हा तोच ८५चा नियम होता. तिथला कोच बॅरी अल्वारेझ हा डेव्हेनींच्या हाताखाली नेब्रास्काकडूनच खेळलेला. त्यानं १९९०पासून तिथे राज्यातलीच दणकट पोरं, बिनशिष्यवृत्तीचे खेळाडू आणि पळण्याचा खेळ यांची घडी बसवली. पुढे तो क्रीडाविभागाचा प्रमुख झाला आणि कोच बदलले तरी घडी मोडली नाही. २०१२च्या बिग टेन फायनलमध्ये विस्कॉन्सिननं नेब्रास्काविरुद्ध ५३९ यार्ड पळून ७०–३१ असा विजय मिळवला. २०१४मध्ये त्यांच्या एकट्या मेल्विन गॉर्डननं नेब्रास्काविरुद्ध ४०८ यार्ड काढले, तेही चारपैकी तीनच क्वार्टर खेळून. नेब्रास्काची विद्या नेब्रास्कावरच उलटली होती.

म्हणून एखादी टीम का पळू शकत नाही हे समजून घ्यायचं असेल, तर पुढच्या मॅचला बॉलकडे बघू नका. बॉल सुटला की त्या पाच जणांचे पाय बघा, पुढे पडतायत की मागे. आणि मग त्यांना शिकवणारा माणूस किती वर्षं तिथे टिकलाय, ते शोधा.