विषाणूंच्या नावातली नदी

लॅटिनमधला 'व्हायरस' आणि संस्कृतातलं 'विष' ही सख्खी भावंडं. ग्रीकमधलं 'इओस' हे तिसरं. तिन्हींचा अर्थ विष. लॅटिनमध्ये चिकट, दुर्गंधी द्रव अशीही छटा होती. तंबाखूच्या रोगट पानांचा रस अतिशय बारीक गाळणीतून गाळला तरी रोग पसरवतोच, हे पाहून मार्टिनुस बायरिंक यांनी १८९८ मध्ये त्यातल्या रोगकारकाला 'व्हायरस' म्हटलं. मराठीत 'विषाणू' आला आणि दुरावलेली भावंडं पुन्हा एकत्र आली.

विष आणि विषाणू यांची खरीखुरी गल्लत झाली ती १९९२ मध्ये, इक्वेडोरच्या किनाऱ्यावर. ग्वायाकिलच्या आखाताजवळ, ताउरा नदीच्या मुखाशी असलेल्या तळ्यांतली कोळंबी मरू लागली. ही व्हेनामी जातीची कोळंबी. आता आपल्याकडच्या तळ्यांतही तीच पाळतात. अंग फिकट लाल, शेपटीचा पंखा गडद लाल, कवच मऊ. जवळच्या केळीच्या बागांत करप्यावर बुरशीनाशकं फवारली जात. ती पाण्यातून उतरली असणार, असा संशय आला आणि तो बराच काळ टिकला. पुढे कोळंबीत आरएनए विषाणू सापडला, पण तोवर नाव रुळलं होतं: ताउरा सिंड्रोम. 'सिंड्रोम' म्हणजे मूळ ग्रीक अर्थानं 'बरोबर धावणारी' लक्षणं. कारण कळलेलं नसताना वापरायचा हा शब्द कारण कळल्यावरही सुटला नाही; विषाणूचं नाव 'ताउरा सिंड्रोम व्हायरस' असंच पडलं. नदीचा यात काय दोष? तरीही कोळंबीच्या व्यवसायात तिचं नाव आजही रोगाचं नाव म्हणूनच घेतलं जातं.

जपानमधल्या नोदामुराचंही तसंच झालं. 'मुरा' म्हणजे खेडं. तिथल्या डासांत मिळालेल्या विषाणूवरून 'नोडाव्हायरस' हे कुळ ठरलं, आणि आता त्या नावाखाली समुद्रातली कोळंबी आणि मासे मारणारे विषाणूही येतात.

मग २०१६ मध्ये नावांचा पूरच आला. चीनमधल्या संशोधकांनी विषाणूतज्ज्ञ एडवर्ड होम्स यांच्यासह अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या २२० हून अधिक जातींतला आरएनए वाचून काढला. त्यात डास, गोचिडी होत्या, तसेच खेकडे, शिंपले, समुद्री किडेही होते. १,४४५ नवे आरएनए विषाणू हाती लागले. सूक्ष्मदर्शकातून कुणी त्यांना पाहिलंच नव्हतं. होती ती फक्त अक्षरांची माळ. आकार माहीत नाही, रोग माहीत नाही, मग नाव कशावरून द्यायचं? बरीच नावं बेइहाई, वेन्झोऊ अशा ठिकाणांवरून आणि यजमान प्राण्यावरून पडली. अगदीच वेगळ्या निघालेल्या गटांना मात्र प्राचीन चिनी राज्यांची नावं दिली: छिन, युए, झाओ, वेई, यान. बेइहाईच्या खारफुटीतल्या खेकड्यात मिळालेला एक विषाणू 'युए' गटातला आहे.

माझं सगळ्यात आवडतं नाव याहून खोल जातं. अप्लिसिया हा समुद्रससा, म्हणजे एक समुद्री गोगलगाय. त्याच्या मज्जापेशींवरच्या कामासाठी एरिक कँडेल यांना २००० मध्ये नोबेल मिळालं. बिचाऱ्या अप्लिसियाच्या नावाचा ग्रीक अर्थ 'न धुतलेला'. त्याच्यात आढळलेल्या लांबलचक आरएनएच्या विषाणूकुळाचं नाव ठेवलं 'अ‍ॅबिसोव्हिरिडी'. त्यात अथांग खोलीचा 'अ‍ॅबिस' आहे आणि सुमेरियन लोकांचा जलतळाचा देव 'अब्झू'ही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्येच सांगितलं की माणसांच्या नव्या रोगांना गावाचं, देशाचं नाव देऊ नये. हाच नियम कोळंबीच्या आणि शिंपल्यांच्या रोगांनाही लावायला हवा, असं मला ठामपणे वाटतं, कारण तळ्यांवर पोट असलेली माणसं त्याच नदीकाठी राहतात. बुडालेली राज्यं आणि जुने देव ही नावं त्यापेक्षा कितीतरी बरी. छिन आणि युए ही दोन तर आता विषाणूंची अधिकृत कुळं आहेत.