जुने घर थंड करायचे, तर आधी भिंत तपासा

बारामती - मार्च उजाडला, की बारामती आणि इंदापूर परिसरातील जुन्या घरांत दुपारी बसणे अवघड होऊ लागते. दिवसभर तापलेल्या भिंती आणि छत रात्री उष्णता बाहेर टाकत राहतात, आणि वृद्धांची झोप उडते. त्यावर उपाय म्हणून भिंतीच्या पोकळीत उष्णतारोधक द्रव्य भरून घेण्याचा सल्ला अलीकडे कानी पडतो. सल्ला देणारे बहुधा इंग्लंडमध्ये नातेवाईक असलेले असतात किंवा जाहिरात वाचलेले. सल्ला चुकीचा नाही. पण तो ज्या भिंतीसाठी आहे, ती भिंत या दोन तालुक्यांतील जुन्या घरांत सहसा सापडत नाही.

ब्रिटनमध्ये १९२० च्या दशकानंतर दुहेरी भिंतीची पद्धत सर्रास झाली. विटांचे दोन पडदे, मध्ये सुमारे दोन इंचांची मोकळी जागा आणि दोन्ही पडदे जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, अशी तिची रचना. बाहेरच्या पडद्यात मुरलेला पाऊस आत पोचू नये, हा त्या पोकळीचा मूळ हेतू होता. पुढे इंधन महागल्यावर बाहेरून भोके पाडून तीत खनिज लोकर किंवा थर्माकोलचे मणी हवेच्या दाबाने भरले जाऊ लागले. हिवाळ्यात घरातली ऊब घरातच राहावी, एवढ्यासाठी हा खटाटोप. जेथे पावसाचा मारा थेट भिंतीवर होतो, तेथे भरलेल्या पोकळीतून ओल आत आल्याच्या तक्रारी तिकडेही झाल्या.

इकडची भिंत निराळी आहे. कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आणि कवी मोरोपंतांचे वास्तव्य असलेली बारामती, मालोजीराजांच्या गढीचे इंदापूर. या गावांतील जुनी बांधणी जाड, भरीव भिंतींची आहे. खाली दगडी जोते, वर भाजलेल्या विटा किंवा पांढऱ्या मातीचे भेंडे, आणि दीड ते दोन-अडीच फूट जाडी. अनेक भिंतींच्या दोन्ही दर्शनी बाजू नीट रचलेल्या असतात आणि मधला गाभा दगडगोटे व माती यांनी भरलेला असतो. अशा भिंतीवर ठोकून पाहिल्यास कोठे पोकळ आवाज आलाच, तर ती पोकळी नव्हे, ते दुखणे समजावे. उंदरांनी पोखरलेली किंवा पाण्याने माती वाहून गेलेली ती जागा असते. तेथे फोम किंवा सिमेंटची पातळ खळ दाबाने भरल्यास भिंतीतली ओल कोंडली जाते. आधी गळतीचे मूळ शोधून, तीच माती व चुना वापरून जागा बुजवणे हाच मार्ग.

विटांच्या घरात मात्र खात्री करून घेता येते. गिलावा थोडा खरवडून विटांची मांडणी पाहावी. दर्शनी बाजूला विटांची लांबट बाजू आणि आखूड टोक अशी दोन्ही दिसत असतील, तर भिंत भरीव आहे. सर्वत्र केवळ लांबट बाजूच दिसत असेल आणि भिंत नऊ इंचांहून जाड असेल, तर दुहेरी भिंतीची शक्यता आहे. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या केलेल्या असल्या, तर ती ‘रॅट ट्रॅप’ बांधणी. लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी केरळमध्ये लोकप्रिय केलेल्या या पद्धतीत विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात आणि भिंतीत आपोआप तीन इंचांची पोकळी राहते. शंका उरलीच, तर दरजेत बारीक ड्रिल मारावे. चार इंचांवर ड्रिल एकदम सैल आत गेले, तर पोकळी आहे.

आता हिशेबाकडे वळू. दोन्ही बाजूंच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना नऊ इंची विटांच्या भिंतीच्या एका चौरस मीटरमधून सुमारे दोन वॅट उष्णता जाते. सहा इंची काँक्रीटच्या उघड्या स्लॅबमधून ती तीन वॅटहून अधिक जाते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने नव्या घरांच्या छतासाठी ही मर्यादा १.२ वॅट ठरवली. जुन्या घरांना ती बंधनकारक नाही, पण मोजपट्टी म्हणून उपयोगी आहे.

त्यातून सूर्याची वाट पाहावी. बारामती आणि इंदापूर ही दोन्ही गावे १८ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहेत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायांखाली जाते. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. सारा मारा छपरावर, आणि सकाळ-संध्याकाळ पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर. म्हणजे चारही भिंतींवर पैसा ओतून स्लॅब तसाच उघडा ठेवणे हे भोक पडलेल्या घागरीला रंग देण्यासारखेच.

माळवदाच्या जुन्या घरांना हे शहाणपण ठाऊक होते. कडीपाटावर हातभर मातीचा थर असे आणि दुपारची झळ त्यातून खाली उतरेपर्यंत रात्र होई. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, भीमाकाठची पळसदेवसारखी गावे पाण्याखाली गेली आणि नव्या जागी वसली. माळवदाची डागडुजी दर पावसाळ्याआधी करावी लागते, तेवढी माणसे घरात राहिली नाहीत. मग सर्वत्र पत्रा आला. पत्रा तापतो लगेच आणि निवतोही लगेच, पण दुपारी त्याखाली थांबवत नाही. ऊसपट्ट्यात पत्र्यावर पाचट पसरण्याची पद्धत आहे. ती स्वस्त आणि गुणकारी आहे, मात्र एका ठिणगीने घर पेटू शकते. त्यापेक्षा पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून छत करावे आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळीदार झरोके ठेवावेत. थर्माकोल वापरायचा झाल्यास आग सहजी न धरणारा घ्यावा आणि तो उघडा ठेवू नये. जुने सिमेंटचे पत्रे असतील, तर त्यांत अॅस्बेस्टॉस असते. ते घासू नयेत, त्यांना भोके पाडू नयेत.

स्लॅबच्या घरात उष्णतारोधक थर छताच्या वर घालावा, खाली नव्हे. खाली घातल्यास स्लॅब तापतच राहतो. एक इंची दाट पॉलिस्टायरिन फळी जलरोधक थरावर ठेवून त्यावर कोबा आणि पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवल्यास छत १.२ वॅटच्या मर्यादेत येते. तेवढा खर्च झेपत नसेल, तर नुसती चुन्याची सफेदीही स्लॅब बराच थंड ठेवते. ती दरवर्षी द्यावी लागते, इतकेच. गच्चीवर आधीच जाड कोबा असेल, तर आणखी वजन चढवण्यापूर्वी अभियंत्याला दाखवणे अत्यावश्यक आहे.

भिंतीचे काम त्यानंतर, आणि तेही पश्चिमेकडच्या भिंतीपुरते. पडवी, बांबूचा तट्ट्या, जाळीवर चढवलेला वेल. ऊन भिंतीला लागण्यापूर्वीच अडवणारी कोणतीही वस्तू आतल्या महागड्या फळीपेक्षा सरस ठरते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देण्याचा मोह मात्र टाळावा. आतली ओल बाहेर पडू शकत नाही, गिलावा फुगतो आणि मागची माती गळते. मे २०२५ च्या अखेरीस बारामती आणि इंदापूर तालुक्यांत अतिवृष्टी झाली, नीरा डावा कालवा फुटला आणि घरांची पडझड झाली. अशा पावसात आधीच भिजून मऊ झालेली मातीची भिंत तग धरत नाही. चुन्याचा गिलावा, पुढे आलेली वळचण आणि जोत्यापासून लांब जाणारे पाणी एवढी तजवीज मातीच्या भिंतीला हवी.

ठेकेदाराशी बोलताना तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. भिंत पोकळ असल्याचे त्याने कोणत्या भोकातून पाहिले, वापरायच्या फळीची जाडी व घनता किती, आणि पहिल्या पावसात ओल आल्यास दुरुस्ती कोणाच्या खर्चाने. भिंत न तपासताच दर सांगणाऱ्याला परत पाठवावे. छताचे काम मार्च-एप्रिलमध्ये उरकावे. चुन्याच्या गिलाव्याला मात्र कडक ऊन मानवत नाही, तो दिवाळीनंतर काढावा.